आधी फांदी, मग पाखरू: परड्यातल्या पक्ष्यांचे जवळून फोटो कसे काढायचे

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चक्कर मारली की हातभर लांब लेन्स घेतलेली चार-दोन मंडळी हमखास दिसतात. मीही त्यातलाच. पण माझ्याकडचे सगळ्यात जवळून काढलेले फोटो रंकाळ्यावरचे नाहीत. ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेत, चहाचा कप ओट्यावर ठेवून. फुलेवाडीच्या बाजूला आमचं घर आहे आणि मागं जेमतेम अर्ध्या गुंठ्याचं परडं. त्यात एक पेरू, एक शेवगा, केळीचा खुंट, जास्वंद, आणि कुंपणापलीकडनं आत वाकलेला शेजारच्या आजींचा कढीपत्ता. एवढ्या जागेत पंधरा-वीस जातींची पाखरं येऊन जातात, हे मला कॅमेरा घेईपर्यंत माहीतच नव्हतं.

पहिली दोन वर्षं मी पाखरांच्या मागं पळालो. बुलबुल पेरूवर बसला की मी पेरूखाली, तोवर तो शेवग्यावर. फोटो मिळायचे, नाही असं नाही. पण एकात मागं वाळत घातलेला टॉवेल, दुसऱ्यात पाण्याची काळी टाकी, तिसऱ्यात पाखराची नुसती शेपटी. मग एकदा डोक्यात उजेड पडला की फोटोतलं पाखरू सोडून बाकी सगळं आपल्या हातात आहे. ऊन कुठून येणार, मागं काय दिसणार, बसायला फांदी कुठली, अंतर किती, हे सगळं आधी ठरवून ठेवायचं. पाखरू शेवटी येतं. आणि येतंच.

पहिले पंधरा दिवस कॅमेरा कपाटात

सुरुवात पाण्यापासून करा, दाण्यापासून नको. दाण्याला चिमण्या, होले, पारवे आणि मनोल्या येतील, बाकीचे ढुंकून बघणार नाहीत. पाण्याला मात्र बुलबुल, दयाळ, शिंपी, नाचण, चष्मेवाला, साळुंकी, कोतवाल सगळे येतात. कुंभाराकडची पसरट मातीची परात घ्या, आत खरखरीत असलेली. गुळगुळीत स्टीलच्या ताटात पाखराचा पाय सरकतो, ते एकदा येतं आणि परत येत नाही. पाणी मध्ये दोन इंच आणि कडेला अर्धा इंच असावं. खोल भांडंच असेल तर नदीतले गोटे टाकून उथळ करा. शिंप्याएवढ्या पाखराला दोन इंच पाणी म्हणजे विहीर.

आता खरी युक्ती. साचलेल्या पाण्यापेक्षा टपटपणारं पाणी पाखरांना लांबून कळतं. मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणा, सुई टाकून द्या, दोन लिटरची बाटली पेरूच्या फांदीला उलटी टांगून नळी परातीवर सोडा. बाटलीच्या बुडाला, म्हणजे आता वर आलेल्या भागाला, हवेसाठी एक बारीक भोक पाडा, नाहीतर धार मध्येच अडते. सेटच्या चाकीनं सेकंदाला एक थेंब असा वेग बसवला की दोन लिटर पाणी दहा-अकरा तास पुरतं. सकाळी सहाला बाटली भरायची, संध्याकाळपर्यंत बघायला नको.

परात एक दिवसाआड काथ्यानं घासून पाणी बदला. साबण नको. कंटाळा केलात तर आठवड्यात डास तयार होतात, आणि डेंग्यूच्या दिवसात कोरडा दिवस पाळणारे शेजारी तुमच्या पक्षीप्रेमाचं कौतुक करणार नाहीत.

परात ठेवायची कुठं? गल्लीतल्या मांजराच्या नजरेनं बघा. झुडपाला अगदी खेटून ठेवली तर मांजर झुडपात दबा धरतं. अगदी उघड्यावर ठेवली तर शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) आल्यावर पाखरांना पळायला जागा नाही. झुडपापासून पाच-सहा फूट लांब आणि जमिनीपासून कमरेएवढी उंच, एवढं जमलं की पुरे. उंचीचा दुसरा फायदा म्हणजे पाखरू तुमच्या डोळ्यासमोर येतं. वरून खाली काढलेल्या फोटोत पाखराची फक्त पाठ आणि टाळू दिसते.

या पंधरा दिवसांत रोज अर्धा तास नुसतं बसून बघा. कोण किती वाजता येतं, कुठून येतं, परातीवर उतरायच्या आधी कुठं थांबतं. पाखरू कधीही थेट पाण्यावर येत नाही. आधी वर, मग मधल्या फांदीवर, इकडं-तिकडं बघून मग खाली. त्या मधल्या फांदीवर आपला सगळा खेळ आहे.

घराची सावली

पुस्तकी सल्ला असतो की सूर्य पाठीशी ठेवा. बरोबरच आहे. पण घरातून फोटो काढताना सूर्य पाठीशी घेतला की मध्ये घरही येतं, आणि घराची सावली नेमकी तुमच्या फांदीवर पडते. माझी पश्चिमेची खिडकी याच कारणानं सकाळी वाया गेली. मी खुळ्यासारखा दोन आठवडे तिथं बसलो होतो.

म्हणून एक रिकामी सकाळ काढा. सात ते दहा दर अर्ध्या तासानं सावलीची कड कुठं आहे तिथं एक खडा ठेवत जा. आमच्या घरी उत्तरेची खिडकी कामाची निघाली. तिथून दहा फुटांवरच्या जागेला हिवाळ्यात आठ वाजता उजव्या हातानं, किंचित मागून, तिरपं ऊन मिळतं. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडं सरकतो, मग तेच ऊन जरा समोरून येतं आणि फांदी हातभर हलवावी लागते. कोल्हापुरात जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि जूनच्या तोंडावर सहालाच. त्यामुळं थंडीत साडेसात ते साडेनऊ, मे महिन्यात साडेसहा ते आठ, एवढाच चांगला उजेड. त्यानंतर पांढरी पिसं जळतात, म्हणजे फोटोत कोरी पांढरी येतात, आणि डोळ्याभोवती काळोख पडतो. पूर्ण सावलीचा सपाट उजेडही वाईट नाही, विशेषतः दयाळासारख्या काळ्या-पांढऱ्या पाखराला. अर्धं ऊन, अर्धी पानांची जाळी मात्र टाळा. त्यातून आलेला फोटो कोड फुटल्यासारखा दिसतो.

फांदी, आणि मागचं लुगडं

पेरूची छाटणी झाली की त्यातली शेवाळ धरलेली, साल सुटलेली एखादी वाकडी फांदी बाजूला ठेवा. अंगठ्याएवढी जाड पुरे. जाड ओंडक्यावर सूर्यपक्षी बसला तर ओंडकाच दिसतो. वाळूनं भरलेल्या जुन्या रंगाच्या डब्यात ती खोचा आणि परातीच्या वर दीड-दोन फुटांवर येईल अशी उभी करा. बाजूच्या, तुम्हाला नको असलेल्या दोन-तीन फांद्या छाटा, म्हणजे पाखराला थांबायला तुमचीच फांदी उरते. (आपल्याच झाडाच्या, आणि आधी घरटं नाही ना ते बघून.) फांदी लेन्सला काटकोनात, आडवी ठेवा. तुमच्याकडं रोखलेली असेल तर पाखराचं तोंड एकतर समोर येतं नाहीतर पूर्ण पाठमोरं होतं, आणि फोकसही धड लागत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी फांदी बदला. माझ्याकडं एकाच काटकीवरचे सदतीस बुलबुल आहेत, कुणाला दाखवायचीही सोय नाही.

मागची बाजू फांदीपासून निदान दहा-बारा फूट लांब हवी. जितकी लांब, तितकी ती मऊ विरघळते. आमच्या मागं कुंपणाची भिंत आहे, सिमेंटची, वर काचा. मी तिथं हिरवं शेडनेट लावून पाहिलं, पण तो हिरवा फोटोत प्लॅस्टिकसारखा ओरडतो. शेवटी शेजारच्या आजींकडं गेलो आणि जुनं, विटलेलं हिरवं लुगडं मागितलं.

"कशाला रं? पाखराला न्हेसवतोस व्हय?"

"मागं लावायला हवंय आजी, फोटोत."

"घे बाबा. पर फाडू नकोस, मी गोधडीला ठेवलोय."

ते लुगडं दोन खिळ्यांवर सैल टांगलं. विटका हिरवा, मधेमधे पिवळट. पावसाळ्यातलं डोंगराचं उतरण वाटावं असा रंग. वारा असेल तर खाली दगड बांधा, नाहीतर लुगडं हलतं आणि पाखरं बिचकतात.

अंतर: टेप घ्या हातात

जवळून फोटो म्हटलं की लोक मोठ्या लेन्सचा विचार करतात. घरच्या परड्यात अडचण उलटी येते. लेन्स किती लांबचं ओढते त्यापेक्षा किती जवळचं धरते, हा प्रश्न असतो. सिग्माची १५०-६०० एमएम कंटेम्पररी (एमएमचा आकडा मोठा तितकी लेन्स लांबचं ओढते) २.८ मीटरच्या आत फोकसच करत नाही. निकॉनची २००-५०० ही २.२ मीटरवर थांबते. उलट कॅननची साधी ५५-२५० एसटीएम ०.८५ मीटरपर्यंत येते. म्हणजे छोट्या परड्यात ती हलकी, स्वस्त लेन्स मोठीच्या तोंडात मारते. आपल्या लेन्सवर हा आकडा लिहिलेला असतो, तो वाचा आणि फांदी त्याच्या पुढं अर्धा मीटर ठेवा.

दुसरा हिशेब. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा, ३०० एमएमची लेन्स आणि अंतर ३ मीटर असेल तर चौकटीत आडवी साधारण २२ सेंटिमीटरची जागा मावते. लालबुड्या बुलबुल शेपटीसकट २० सेंटिमीटर, म्हणजे तो चौकट भरून टाकतो, शेपटी कापायचा धोकाच. सूर्यपक्षी दहाचा, त्याला हेच अंतर झकास. म्हणून मी फांद्या दोन ठेवतो. फुलांजवळची आठ फुटांवर, परातीजवळची बारा फुटांवर.

एवढ्या जवळून आणखी एक गोष्ट होते. ३ मीटरवर ३०० एमएमला एफ/५.६ (लेन्सचं तोंड किती उघडं तो आकडा; आकडा मोठा तितकं तोंड बारीक) ठेवलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटरचा उरतो. चोच तीक्ष्ण आणि डोळा धूसर, हा अपघात इथं होतो. उजेड असेल तर एफ/८ करा. फोकसचा बिंदू एकच निवडून डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती खुशाल वापरा, त्यात कमीपणा नाही. डोळा धूसर असलेला फोटो मी बघतही नाही, थेट उडवतो.

खिडकीतला पीव्हीसी पाइप

खिडकीची डासांची जाळी काढा. काचेतून काढायचाच असेल तर काच आतून-बाहेरून पुसा आणि लेन्सचं हूड (पुढची प्लॅस्टिकची कड) काचेला सरळ टेकवा. तिरकं धरलंत की घरातला दिवा, पंखा आणि तुमचा बनियन फोटोत येतो. खोलीतला दिवा बंद, गडद कापडाचा पडदा, त्याला मध्ये वीतभर चीर, चिरेतून फक्त लेन्सचं तोंड बाहेर. बसायला स्टूल आणि कॅमेऱ्याखाली तांदूळ भरलेली कापडी पिशवी. खिडकीच्या चौकटीवर ट्रायपॉडपेक्षा ही पिशवी जास्त उपयोगी.

काळा, गोल, चमकणारा डोळा अचानक खिडकीत आला की पाखरं दोन-तीन दिवस फिरकत नाहीत. म्हणून आधी आठवडाभर त्याच जागी काळा रंग दिलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवला. गल्लीत मी पिस्तूल रोखून बसलोय अशी वदंता झाली, पण पाखरं सरावली. नंतर पाइप काढून लेन्स ठेवली तर दयाळानं मान वाकडी करूनही बघितलं नाही.

खिडकी सोयीची नसेल तर परड्यात आडोसा करा. चार बांबू, त्यावर खताची जुनी पोती, वरून उसाचं पाचट. गाळप चालू असताना पाचट कुठल्याही शेतात मिळतं, फक्त विचारून घ्या. आत पहाटेच जाऊन बसा आणि मोबाइल गप्प करा. पाखरं आल्यावर आत-बाहेर केलंत तर तो दिवस गेला.

कॅमेऱ्याची बटणं

यावर लोक तास-तास बोलतात, पण मला एवढंच पुरतं: मोड मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटो आणि त्याला ३२०० ची मर्यादा. शटर (किती सेकंद उघडं राहायचं ते) पाखरू स्वस्थ बसलं असेल तर १/५००, फुलावर लुडबुडत असेल तर १/१०००, अंघोळ करत असेल तर १/२०००. अंघोळीचे उडणारे थेंब गोठवायचे तर त्याहून कमी नको. काळ्या-पांढऱ्या दयाळाला एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), नाहीतर पांढरा पट्टा कोरा कागद होतो. मागं ढगाळ आभाळ असेल तर एक स्टॉप वाढवा, नाहीतर पाखराची नुसती सावली येते. एका वेळी पाच-सात फोटोंची सर सोडा. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचं पूर्ण मुकं शटर बसलेल्या पाखराला उत्तम, पण फडफडणारे पंख त्यात कधी कधी वाकडे येतात. फ्लॅश मी वापरत नाही. वाइल्ड लाइफच्या नियमांमुळं नव्हे, डोळ्यात येणारा तो पांढरा ठिपका मला बघवत नाही.

मोबाइल असेल तर

मोबाइलचं झूम विसरा. फांदीपासून हातभर अंतरावर मोबाइल छोट्या स्टँडवर लावा, पानांनी झाका, फांदीवर काडी ठेवून फोकस आणि उजेड लॉक करा, काडी काढा आणि घरात जा. सेल्फीच्या काठीबरोबर मिळतो तो ब्लूटूथचा रिमोट खिडकीतून दाबायचा. शंभरातले नव्वद फोटो रिकाम्या फांदीचे येतील. उरलेल्या दहांत पाखरू आणि आपलं परडं, मागची पायरी, तुळस असं सगळं एकत्र येतं, जे मोठ्या लेन्सला कधीच जमत नाही. मला तर काही वेळा हेच फोटो जास्त आवडतात.

कोण, कुठं, कधी

सूर्यपक्षी परातीत क्वचितच उतरतो. त्याला ओली पानं आवडतात. सकाळी कर्दळीच्या किंवा केळीच्या पानावर फवारा मारून ठेवा, तो पानावरून घसरत अंग ओलं करतो. केळफूल सुटलं असेल तर बाकी काही करूच नका, लेन्स त्याच्यावर लावून बसा. जास्वंदीत तो समोरून चोच घालत नाही, देठाजवळ भोक पाडून मध चोरतो, त्यामुळं फूल बाजूनं दिसेल असं बसा. नराची जांभळी झळाळी रंगाची नसते, पिसांच्या रचनेतून येते. ऊन तुमच्या पाठीमागून असलं तरच ती पेटते, नाहीतर कावळ्याचं पिल्लू बसल्यासारखं दिसतं. पावसाळ्यानंतर काही महिने जांभळा नर मादीसारखा मळकट होतो आणि गळ्यावर फक्त एक काळी रेघ उरते. तेव्हा नवीन पक्षी सापडला म्हणून नाचू नका. मी नाचलोय.

बुलबुल आणि कोकिळा कढीपत्त्याच्या काळ्या फळांना येतात, तुतीलाही येतात. अर्धी पपई फांदीला खिळून ठेवली तरी चालते. चपाती, फरसाण, साखरेचं पाणी नको. तांबटाला उंबर हवा. तो उन्हाळ्यात टुकटुक करत वाळक्या फांदीत भोक कोरतो, म्हणून शेवग्याची वाळकी फांदी दिसते वाईट तरी तोडू नका. थंडीत थिरथिरा येतो. कुंपणाच्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवतो आणि जमिनीवरच्या किड्यावर झेपावतो. त्याच्यासाठी परातीजवळ एक गोटा पुरे. मार्च ते मे पाण्याचा हंगाम, सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच. आणि आपला पाऊस सुरू झाला की जून ते सप्टेंबर उजेड मरतो, लेन्सला बुरशी लागते. वापर नसताना कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा.

घरटं दिसलं तर

शिंपी कर्दळीची किंवा बदामाची पानं शिवून घरटं करतो. असं एक घरटं तिसऱ्या वर्षी खिडकीपासून सात फुटांवर सापडलं. मध्ये एकच पान आडवं येत होतं. मी ते कात्रीनं कापलं. एकच पान. दुसऱ्या दिवशी दुपारी कावळ्यानं दोन पिल्लं उचलली. ते पान पिल्लांचं छप्पर होतं आणि कावळ्यापासूनचा आडोसाही, हे मला कापताना सुचलं नाही. घरटं दिसलं की तिकडची फांदी, परात, लेन्स सगळं दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचं आणि महिनाभर तिकडं वळायचंही नाही. मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून नराला बोलावणंही तसलंच. तो आपल्या हद्दीत दुसरा घुसला समजून खाणं-पिणं सोडून भांडायला येतो, आणि फोटोत तो चिडलेला स्पष्ट दिसतो.

शेवटी निवड

चारशे फोटोंतून चार ठेवा. आधी डोळा, मग मान कुणीकडं वळलीय ते, मग फांदी. मान आपल्याकडं किंचित वळलेली असली की पाखरू बोलतंय असं वाटतं. दूर वळलेली असेल तर पिसं कितीही तीक्ष्ण असोत, उडवा. फोटोच्या कडा कातरताना पाखरू जिकडं बघतंय तिकडं जागा जास्त सोडा. रंग फार चढवू नका, विटका हिरवा विटकाच बरा.

गेल्या पाडव्याला शिपाई बुलबुलाचा एक फोटो मोठा छापून आजींना दिला. तुरा उभा, गालावर लाल ठिपका, मागं नुसती मऊ हिरवी धूळ. त्यांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"पाखरू ब्येस हाय. पर ह्यात माझं लुगडं कुठाय रं?"

"ही मागची हिरवळ दिसत्या न्हवं, ती."

"मग कळू नये व्हय असं धुवून टाकलंयस!" असं म्हणून त्यांनी फोटो देवघराशेजारी लावला, आणि लुगडं गोधडीसाठी परत मागून घेतलं. सध्या मी नवीन पडद्याच्या शोधात आहे.